अस्तराआडचा टाका

१

सकाळी साडेनऊला गाळ्यात आले की मी पहिल्यांदा दोरे मेणावरून ओढून घेते. दिवसभराला लागणारे तीस-चाळीस दोरे खिडकीच्या गजाला लटकवून ठेवायचे, मग चहा. साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर माणिकभाऊचा हा गाळा आहे. सिनेमा-मालिकांचे कपडे शिवतो आम्ही. मशीनवर बारा जण आणि हातकामाच्या टेबलावर मी, वनमाला परब. सव्वीस वर्षं हे टेबल माझं आहे. राजे, पेशवे, गोरे साहेब, दोन-तीन देवसुद्धा माझ्या हाताखालून गेलेत.

माझा टाका लांबून ओळखू येतो. मी डावखुरी आहे, त्यामुळे तो डावीकडे झुकतो. बारीक असतो, एकसारखा असतो. त्याच्याहून चांगला टाका मी तोवर पाहिला नव्हता आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग श्रुतिका आली. मुलुंडची, चोवीस वर्षांची, डिझाइनच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. टॅबवर चित्रं छान काढायची. सुईत दोरा ओवायला मात्र तीनदा थुंकी लावायची. माणिकभाऊने अंधेरीला दुप्पट मोठी जागा घेतली होती. गणपतीनंतर सगळं तिकडे हलणार होतं आणि तिथल्या हातकामावर मुख्य कोण, हे त्याने अजून सांगितलं नव्हतं. एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "श्रुतिका हुशार आहे ना ताई? लवकर उचलते."

"हो," मी म्हटलं, "मोबाइल तर फारच लवकर उचलते."

तो हसला. मला हसू आलं नाही. ते टेबल गेलं तर माझ्याजवळ दुसरं काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

२

त्याच आठवड्यात मुकुल आला. हा दिग्दर्शक. रशियाच्या शेवटच्या झारवर वेबसिरीज करत होता, मढला बंगला घेतला होता शूटिंगला. माझ्या टेबलाला टेकून त्याने सगळं समजावून सांगितलं. तीनशे वर्षांचं राजघराणं. लढाई चाललेली, शहरात लोकांना पाव मिळेना, आणि शेवटी सैनिकच लोकांवर बंदूक चालवायला नाही म्हणाले. राजाने आगगाडीच्या डब्यात बसून राज्य सोडल्याच्या कागदावर सही केली. काही महिन्यांनी बोल्शेविक आले, कामगारांचं राज्य म्हणून. त्यांनी राजा, राणी, चार मुली आणि आजारी मुलगा यांना एका घरात कोंडलं आणि खिडक्यांना चुना फासला.

"आत बायका दिवसभर काय करायच्या माहितीये?" मुकुल म्हणाला. "शिवत बसायच्या. सगळे हिरेमोती मुलींच्या कोर्सेटमध्ये लपवले, म्हणजे आतून घालायच्या घट्ट चोळीत. चिठ्ठ्यांमध्ये त्याला 'औषधं' म्हणायच्या. मग एका रात्री त्यांना तळघरात नेलं. फोटो काढायचाय असं सांगून नेलं म्हणतात. नोकरमाणसं धरून अकरा जण. गोळ्या झाडल्या, तर पोरी मरेनात. गोळ्या आतच जाईनात ना."

मशीनवरच्या एका बाईने मान खाली घातली. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. जिने कोणी ते शिवलं, तिचा टाका बंदुकीला पुरून उरला.

मुकुलला चार मुलींची चार कोर्सेट हवी होती, आत काचेचे खडे भरलेली. माणिकभाऊने काम मला दिलं आणि देखरेख श्रुतिकाला. जिला कापडाच्या कडेची साधी हेम धड घालता येत नाही, ती माझ्या कामावर देखरेख करणार होती.

घरी नाहूरला गेल्यावर मी हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णा माझे सासरे. चौऱ्याऐंशीचे आहेत, गिरणीत बावीस वर्षं काढली, लाल बावट्याच्या प्रत्येक मोर्चात पुढे असायचे. रशिया म्हटल्यावर ते खाटेवर उठून बसले.

"राजाच्या चेडवांचा काय सांगतंस माका?" ते त्यांच्या मालवणीत म्हणाले; चेडू म्हणजे मुलगी. "थंय पयल्यांदा रस्त्यार कोण इला? गिरणीतल्यो बायलो. भाकरेसाठी. थंयसून राजाचा आसन हालला." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ता शिवल्यान कोणी?"

"राणीने शिवलं, मुलींनी शिवलं. मोलकरणी होत्या."

"मोलकरणीनच शिवल्यान असताला. राणयेन कधी सुई धरल्यान?" अण्णा हसले. "आणि तिका पण थंयसरच मारल्यानी. तिचा नाव कोण घेता? सांग बघया."

मला तिचं नाव माहीत नव्हतं. काम एकीचं आणि नाव दुसरीचं, हे ऐकून मला त्या बाईची दया यायला हवी होती. मला माझीच आली.

३

चारही कोर्सेट मी पाच दिवसांत भरली. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये खड्यांच्या ओळी बसवायच्या, प्रत्येक ओळ वेगळी बंद करायची, कडेला दुहेरी शिवण. कलाकाराला दिवसभर अंगावर वागवायचं असतं म्हणून वजन काट्याला लावून बघतो आम्ही. प्रत्येक एक किलो शंभर ग्रॅम भरलं. शनिवारी संध्याकाळी ती मी कोठीतल्या फळीवर ओळीने ठेवली आणि घरी गेले.

सोमवारी त्यातलं दुसरं उचललं तर हाताला वेगळं लागलं. काट्याला लावलं. दीड किलो.

मला वाटलं काटाच बिघडला. माझी कात्री त्यावर ठेवून बघितली, तिचं वजन नेहमीएवढंच भरलं. बाकीची तीन कोर्सेट लावून बघितली, बरोबर होती. मग ते दुसरं मी खिडकीपाशी नेलं, आणि तिथे मला दिसलं की डाव्या बाजूची शिवण माझी नाही. टाका उजवीकडे झुकत होता. इतका बारीक की डोळ्यांना आधी दिसतच नव्हता, बोट फिरवल्यावर कळत होता. बोटभर जागेत वीस टाके असतील. माझे बारा बसतात.

माणिकभाऊ मागून आला आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला. माझ्या टाक्याचा कल त्याला पाठ आहे. त्यामुळे हे मी केलेलं नाही हे त्याला लगेच कळलं. टेबलावर दुसरी कोण होती?

"श्रुतिका," त्याने हाक मारली, "हे तू केलंस? अगं, झकास काम आहे हे."

तिने टॅबमधून मान वर काढली. जराशी गोंधळली. मग म्हणाली, "थँक्यू सर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायच्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं.

"रविवारी येऊन माझं काम उसवलंस?"

"मी नाही ताई. शप्पथ. मला वाटलं तुम्हीच केलंत."

"मग थँक्यू कसलं म्हणालीस?"

"सर एवढ्या लोकांसमोर कौतुक करायला लागले. त्यांना खोटं पाडू का मी?" ती म्हणाली. "तुम्हाला पाहिजे तर मी जाऊन सांगते ना, हे वनमालाताईंचं आहे म्हणून."

आता हे तर त्याहून वाईट होतं. माझं नसलेलं काम माझ्या ताटात वाढायला निघाली होती. "राहू दे," मी म्हटलं.

४

दुसऱ्या दिवशी दीड वाजता सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. कोठीत गेले आणि दार लोटून स्टुलावर बसले. पोरगी जेवण टाकून खाली येते का, ते बघायचं होतं मला.

ती आली नाही. आवाज आला.

मेण लावलेला दोरा जाड कापडातून ओढला की एक आवाज होतो. खर्र. मग हात परत येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा खर्र. सव्वीस वर्षं मी तो ऐकतेय, तो चुकायचा नाही. मी स्वतःला सांगितलं की बाजूच्या गाळ्यात पिशव्या शिवतात, तिथला असेल. पण बाजूवाले गेल्या दिवाळीतच वसईला गेले होते आणि त्यांच्या दाराला कुलूप होतं. शिवाय तो आवाज मशीनचा नव्हता. मला त्यातली लय कळत होती. माझ्यापेक्षा जलद, आणि एकदाही न अडखळता.

आवाज फळीवरून येत होता. मी उठून दुसऱ्या कोर्सेटवर हात ठेवला, तसा तो थांबला. हाताखालचं कापड गरम होतं. कोठीवर पत्रा आहे, दुपारी तापतो, हेही मी स्वतःला सांगितलं.

मग अर्धं ब्लेड घेऊन मी ती शिवण उसवली. आत माझ्या ओळी नव्हत्या. प्रत्येक खडा वेगळा कापसात गुंडाळला होता आणि कापसावरून चिंधी बांधली होती, चालताना वाजू नये म्हणून. हे आम्हाला मुकुलने सांगितलं नव्हतं, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी एक चिंधी सोडली. खडा हातात घेतला. तोंडात धरून ठेवलेली गोष्ट बाहेर काढावी, तसा तो ऊबदार आणि किंचित ओला होता. मी घातले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त खडे होते आत.

घाबरायला हवं होतं, आणि थोडी घाबरलेही असेन. पण जास्त काय वाटलं ते खरंच सांगते. मला हेवा वाटला. असा टाका मला कधी जमला नाही आणि जमणार नाही, हे मला त्या कोठीत उभ्या उभ्या कळलं. ही जी कोणी होती, तिच्यासमोर मी शिकाऊ होते. श्रुतिकावरचा राग परवडला. तो निदान वरून खाली बघण्याचा राग होता.

मी सगळं उसवलं. कापूस, चिंध्या गोणीत कोंबल्या, माझ्या ओळी पुन्हा घातल्या आणि माझ्या डाव्या टाक्याने घट्ट बंद केलं. बोटं सोलवटली.

बुधवारी सकाळी चारही कोर्सेट त्या उजव्या टाक्याने बंद होती. प्रत्येक दोन किलो भरलं.

मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? हे माझं नाही, हे माझ्याच तोंडाने कबूल करावं लागलं असतं. माणिकभाऊ प्रत्येकाला ते काम दाखवत हिंडत होता आणि श्रुतिका आता थँक्यूसुद्धा म्हणत नव्हती, नुसती हसत होती. मी घरी चिंधीवर तो टाका उतरवायचा प्रयत्न करायचे. पंचवीस वेळा केला, तीस वेळा केला. सुई तीच, दोरा तोच, पण येत नव्हता. अकरा दिवस मी त्याच्या मागे होते.

५

मढच्या बंगल्यात तळमजल्यावरच्या खोलीचं तळघर केलं होतं. भिंतींना पट्ट्यापट्ट्यांचा कागद, एक खिडकी, तिच्यावर चुना. बाहेर दुपारचं ऊन चटचटत होतं, सुक्या मासळीचा वास येत होता, आणि आत शिरलं की काहीच नव्हतं.

दुसऱ्या राजकन्येचं काम प्रांजल नावाची मुलगी करत होती. मी तिला कोर्सेट चढवलं. पाच मिनिटांनी तिने ते ओरबाडून काढलं.

"मी नाही घालणार हे," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आत काहीतरी चाललंय यार. कोणीतरी बोटं मोजतंय असं वाटतं. बरगड्यांवरून."

मुकुलने समजावलं, प्रॉडक्शनवाल्याने दम दिला, पण ती जाऊन गाडीत बसली. मग त्याच मापाची दुसरी मुलगी शोधायला लागले. संवाद नव्हता, फक्त रांगेत उभं राहून पडायचं होतं. सगळ्यांची नजर श्रुतिकावर गेली. आता राजकन्याही हीच होणार होती.

मेकअपच्या खोलीत मी तिला कोर्सेट घालत होते, तेव्हा माणिकभाऊ दाराबाहेरून तिला म्हणाला, "श्रुतिका, आज एवढं निभाव. अंधेरीचं टेबल तुझंच, ठरलं माझं. वनमालाताई आहेतच तुला सांभाळून घ्यायला." मला ऐकू जातंय हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो दाराआडून बोलला असेल.

श्रुतिका माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, मी नव्हतं मागितलं."

तेवढ्यात पाठीवरचे हुक तुटले. वजनच तेवढं होतं, एकदम तिन्ही निघाले. वेळ नव्हता. अंगावरच शिवावं लागणार होतं.

आमच्यात अंगावरचा कपडा शिवत नाहीत. मेलेल्या माणसाचा शिवतात. शिवायचाच झाला, तर जिवंत माणसाच्या दातांत दोऱ्याचा तुकडा द्यायचा, म्हणजे दोष लागत नाही. माझ्या आईने शिकवलं होतं, आणि सेटवर हे रोजचंच असल्याने मी हजारो नटनट्यांच्या दातांत दोरा दिलाय. मोठमोठे हिरोसुद्धा गुपचूप धरतात. श्रुतिकानेही तोंड उघडलं होतं, माझी वाट बघत.

"राहू दे," मी म्हटलं. "तुम्ही शिकलेल्या मुली कुठे मानता हे."

तिने तोंड मिटलं. मी शिवायला घेतलं. चौथ्या-पाचव्या टाक्याला हाताला काहीतरी वेगळं जाणवलं म्हणून बघितलं, तर माझ्या डाव्या हातातून टाका उजवीकडे झुकून पडत होता. बोटभर जागेत वीस. दोरा आपसूक सरकत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तो जमत होता, आणि इतका आनंद झाला मला, की डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, जरा सैल," श्रुतिका म्हणाली. "श्वास येत नाहीये नीट."

मी थांबले नाही. थांबले असते तर तो गेला असता. पाठीवरच्या वरच्या काठापासून कमरेपर्यंत शिवून काढलं.

ती शॉटला गेल्यावर मी घाईघाईने एका चिंधीवर तोच टाका घालून बघितला. आला नाही. माझा जुना, डावा, जाडाभरडा टाका पडला. सकाळपर्यंत मला तो बारीक वाटायचा.

६

अकरा जणांना भिंतीशी उभं केलं. राणीला खुर्ची दिली. कोणीतरी फोटोसाठी जवळ या म्हणालं, आणि सगळे खरंच केस सारखे करत जवळ आले. दार उघडून बंदूकवाले आत शिरले. बार नुसत्या आवाजाचे होते, तरी माझे कान बंद झाले. धूर झाला, सगळे पडले, मुकुल "कट" म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

राजा उठला, कपडे झटकले. राणी उठली. एकेक जण हसत उठला. श्रुतिका उठली नाही.

तिला लागलं नव्हतं. डोळे उघडे होते. "मला उठता येत नाहीये," ती हळूच म्हणाली, "जड झालंय." लाइटवाल्या चौघांनी तिला उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. पन्नास किलोची पोरगी. मेकअपच्या खोलीतल्या पलंगावर ठेवली, तेव्हा पलंग कुरकुरला.

"सगळे बाहेर व्हा," माणिकभाऊ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, तुम्हीच शिवलंय, तुम्हीच कापा. मी फोन करून गाडी बोलावतो, मी दाराशीच आहे." त्याने दार ओढून घेतलं.

मी तिला कुशीवर वळवलं. त्यातच मला घाम फुटला. ब्लेड घेतलं आणि वरून सुरुवात केली. एक टाका, दुसरा, तिसरा. बोटभर शिवण उघडली, तशी तिने हिसका दिल्यासारखा श्वास घेतला आणि माझं मनगट पकडलं.

मग तो आवाज आला. खर्र.

मी वर बघितलं. पहिले दोन टाके पुन्हा जागेवर होते. मी ते कापले. खालचे बंद झाले. खालचे कापले, वरचे बंद. चष्मा चढवून मी तिच्या पाठीशी वाकले, तेव्हा अस्तराच्या आतून सुईचं टोक बाहेर आलं. जरा थांबलं, जागा चाचपली, तिरकं झालं आणि आत गेलं. त्याच्यामागून कापड किंचित वर आलं, बोटाच्या पेराएवढं, आणि बसलं. कापड आणि पोरीचं अंग यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा नव्हती.

मी जिंकू शकले असते. हे मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. शिवण्यात ती अस्तराआडची माझ्या पुढे होती, पण उसवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत फाडत गेले असते, तर तिला वेळच मिळाला नसता.

पण सुई आत जाताना दोऱ्याला खालून एक वेढा पडत होता. ओढायच्या आधी, अगदी निमिषभर. तीच त्यातली गोम होती. अकरा दिवस मी ती वरून शोधत होते.

"ताई," श्रुतिका म्हणाली. नंतर नुसते ओठ हलले. माझ्या मनगटावरची तिची बोटं सैल होत गेली.

दारावर टकटक झाली. "झालं का ताई?" माणिकभाऊने विचारलं.

"होतंय," मी म्हटलं. ब्लेड मी केव्हाच बाजूला ठेवलं होतं आणि नीट दिसावं म्हणून दिवा जवळ ओढून घेतला होता.